अग्रपूजेचा मान

युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञांत पहिली पूजा कोणाची करावी असा प्रश्न निघाला आणि भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सुचविलें, ही कथा मराठी वाचकास लहानपणापासून ठाऊक असते. शिशुपाल त्या वेळीं संतापून उठला, नको नको तें बोलला आणि अखेर प्राणास मुकला. त्यामुळें त्याच्या बोलण्यांत युक्तिवाद असा कांहीं होता, हें सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. परंतु त्याच्या शिव्या बाजूस ठेवून पाहिलें तर तो अगदीं आजचा वाटतो. वयानें वडील म्हणून कृष्णाची पूजा करावयाची, तर त्याचा पिता वसुदेव येथें हजर आहे; आचार्य म्हणून करावयाची, तर द्रोण आहेत; ऋत्विज म्हणून करावयाची, तर व्यास आहेत; मग कोणत्या मापानें हा पहिला ठरला, असें तो विचारतो. शिशुपालाच्या मनांत द्वेष होता हें खरें. पण द्वेष्ट्यानें विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाहीं. माप बदललें कीं क्रम बदलतो, आणि माप कोणीं व कां निवडलें हें विचारण्याचा अधिकार सभेंत बसलेल्या प्रत्येकास असतो.

ही सभा आतां बारा महिने चोवीस तास भरलेली असते. कोणीही खिशांतला फोन काढून त्यावर चार शब्द लिहितो आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जगांतील असंख्य पानांपैकीं पांचदहा पानें एकाखालीं एक अशीं त्याच्यापुढें उभीं राहतात. ज्यास आपण सर्च इंजिन किंवा शोधयंत्र म्हणतों, त्याचें हें काम. तें तीन प्रकारचें आहे: जगभरच्या संकेतस्थळांवर आगाऊ हिंडून पानें गोळा करणें, त्यांतील शब्दांची सूची करून ठेवणें, आणि प्रश्न येतांच सूचींतून निघालेल्या पानांचा क्रम लावणें. पहिलीं दोन कामें कारकुनाचीं आहेत. तिसरें न्यायाधीशाचें आहे. कारकुनी चुकली तर ती दाखवून देतां येते. न्याय चुकला असें म्हणावयाचें, तर न्याय कशास म्हणावें हें आधीं सांगावें लागतें. आणि गंमत अशी कीं, एकच प्रश्न दोन निरनिराळ्या शोधयंत्रांस विचारला तर पहिल्या स्थानाचा मान पुष्कळदां दोन निरनिराळ्या पानांस मिळतो. हा भेद यंत्रांतील कच्चेपणाचा मानावा, कीं त्यांत कांहीं अधिक खोल अर्थ आहे, हा ह्या लेखाचा विषय आहे.

आपल्या दर्शनकारांस असल्या भेदाचें नवल वाटलें नसतें. खरें ज्ञान कशानें होतें, म्हणजे प्रमाणें किती, ह्याविषयीं त्यांच्यांत मुळापासून मतभेद होता. चार्वाक प्रत्यक्षावांचून कांहीं मानीत नाहीं. बौद्ध आणि वैशेषिक प्रत्यक्ष व अनुमान मानतात. सांख्य त्यांत शब्दाची, म्हणजे आप्तवाक्याची, भर घालतात. नैयायिक उपमानही धरतात. प्रभाकराचे अनुयायी पांचावर आणि कुमारिलाचे अनुयायी व अद्वैती सहावर जातात. शोधयंत्रांचींही अशींच दर्शनें झालीं आहेत. प्रत्येकाची प्रमाणांची यादी निराळी, आणि यादी जेथें एक आहे तेथें त्यांतील बलाबल निराळें.

गूगलचें मूळ दर्शन शब्दप्रमाणाचें आहे. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं जी पद्धति मांडली, तिचें सार असें कीं, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जो दुवा दिलेला असतो ती एक प्रकारची साक्ष समजावी. ज्याच्या बाजूनें साक्षीदार अधिक आणि वजनदार, तें पान थोर. मराठींत दुवा ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सांखळीची कडी हा एक, आणि फकीर देतो तो आशीर्वाद हा दुसरा. येथें दोन्हीं अर्थ एकाच वेळीं लागू पडतात. आतां थोर साक्षीदार कोण, असें विचाराल, तर ज्यास इतर थोर दुवा देतात तो! हें चक्र तर्कास खटकतें; पण गणितास खटकत नाहीं. सर्वांस आरंभीं सारखें वजन देऊन तीच आकडेमोड पुन्हां पुन्हां केली म्हणजे आंकडे शेवटीं स्थिरावतात. पुढें ह्या एका प्रमाणास शेंकडों जोड मिळाली. संकेतस्थळाचें दळणवळण सुरक्षित आहे कीं नाहीं, ह्यास २०१४ पासून थोडें वजन आलें. फोनच्या लहानशा पडद्यावर पान नीट वाचतां येतें कीं नाहीं, हें २०१५ पासून पाहिलें जाऊं लागलें.

मायक्रोसॉफ्टचें बिंग २००९ सालीं निघालें. त्यानें आपल्या मार्गदर्शक नियमांत आपलीं प्रमाणें ढोबळपणें सांगून टाकलीं आहेत: प्रश्नाशीं सुसंगति, मजकुराचा दर्जा व विश्वसनीयता, वाचकांचें वर्तन, ताजेपणा, स्थळ आणि पान उघडण्यास लागणारा वेळ. समाजमाध्यमांवरील बोलबाल्याचाही आपण विचार करतों असें त्यानें पूर्वीं उघडपणें म्हटलें होतें. गूगल मात्र तो थेट निकष नसल्याचें सांगत आलें आहे. वाचक कोणत्या पानावर टिचकी मारतो ह्यास आपल्याकडे काय महत्त्व आहे, ह्याविषयीं गूगल वर्षानुवर्षें हात राखून बोलत असे. २०२३ सालीं अमेरिकेंतील खटल्यांत झालेल्या साक्षींतून मात्र टिचक्यांचा हिशेब ठेवणारी एक मोठी व्यवस्था त्याच्यापाशीं असल्याचें बाहेर आलें. रशियांतील यांडेक्स प्रश्न कोणत्या शहरांतून आला ह्यास फार मान देतें. त्याच्या आज्ञावलीचा कांहीं भाग जानेवारी २०२३ मध्यें फुटला, तेव्हां त्यांत १,९२२ निकषांची यादी मिळाली. त्यांतील कित्येक वापरांतून गेलेले होते. चीनमधील बायडू सोप्या चिनी लिपींतील मजकुरास झुकतें माप देतें. डकडकगो हें यंत्र आपलीं उत्तरें बव्हंशीं बिंगकडून घेतें, पण प्रश्न विचारणारा मनुष्य कोण, त्यानें काल काय शोधलें, हें पाहून क्रम बदलावयाचा नाहीं असें त्याचें व्रत आहे. आमच्या मुंबईंतही १९९५ सालीं राजेश जैन ह्यांनीं स्थापिलेल्या इंडियावर्ल्डच्या संकेतस्थळांपैकीं 'खोज' हें एक होतें. भारतविषयक स्थळें शोधून देणें हें त्याचें काम. १९९९ सालीं हा सर्व पसारा ४९९ कोटि रुपयांस सिफी ह्या कंपनीनें विकत घेतला.

ज्यास हें सर्व परकें वाटेल त्यानें पुण्याचा गणेशोत्सव आठवावा. तेथें मानाचे गणपति पांच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. विसर्जनाच्या मिरवणुकींत त्यांचा क्रम ठरलेला. परंतु दर्शनासाठीं जेथें अलोट गर्दी लोटते, तो दगडूशेठ हलवाई गणपति ह्या पांचांत नाहीं. आतां पुण्यांतील पहिला गणपति कोणता? मान हें प्रमाण धरलें तर कसब्याचा. गर्दी हें प्रमाण धरलें तर उत्तर बदलतें. दोन्हीं उत्तरें देणारा मनुष्य शहाणाच असतो, आणि पुणेकर ह्या दोन्हीं क्रमांसह सुखानें नांदतो. कारण कोणता क्रम कोणत्या कारणासाठीं, हें त्यास ठाऊक आहे. दुव्यांवर भर देणारें यंत्र मान मोजतें, टिचक्यांवर भर देणारें यंत्र गर्दी मोजतें. दोष मोजण्यांत नाहीं. पडद्यावर 'मानाचा पहिला' किंवा 'गर्दीचा पहिला' असें कांहीं लिहिलेलें नसतें, नुसता पहिला असतो. आणि वाचक त्याचा अर्थ 'सर्वांत चांगला' असा करून घेतो, हा खरा घोटाळा.

मी राहतों त्या भागाचें नांव इंद्रलोक. ठाणें जिल्ह्यांत मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेस, इमारतींच्या दाटींत हा स्वर्ग वसला आहे. २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या ह्या शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारींतच आठ लाखांवर गेली होती. येथें एकाच जिन्यावर मराठी, गुजराथी, मारवाडी आणि हिंदी ऐकूं येते. अशा ठिकाणीं कोणी फोनवर 'शिक्षा' एवढाच शब्द लिहिला, तर यंत्रानें काय समजावें? मराठी माणसाच्या मनांत दंड असतो, हिंदी माणसाच्या मनांत विद्या. स्थळ हें प्रमाण मानणारें यंत्र म्हणेल, हा महाराष्ट्र आहे, दंड दाखवा. गर्दी मोजणारें म्हणेल, ह्या शब्दावर आजवर बहुतेकांनीं शाळेवरच टिचकी मारली आहे. पूर्वचरित्र पाहणारें म्हणेल, हा गृहस्थ काल कोणत्या भाषेंत वाचीत होता तें पाहूं. तिन्हीं युक्तिवाद ग्राह्य आहेत. परंतु मधला युक्तिवाद नेहमींच जिंकूं लागला, तर थोड्यांची भाषा बोलणाऱ्यास आपल्याच शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या दारीं जाऊन मागावा लागेल.

मराठीस ही अडचण आणखी दोन अंगांनीं भोवते. आमचे शब्द विभक्तीपूर्वीं रूप पालटतात. पाणी, पाण्याचा, पाण्यांत हीं एकाच शब्दाचीं रूपें आहेत हें जाणण्यास व्याकरण लागतें, आणि अक्षरास अक्षर जुळवणारें यंत्र तेथें अडखळतें. गांवांच्या नांवांचीही तीच गत: भाईंदर आणि भायंदर, मिरा आणि मीरा, दोन्हीं लिहिणारे आहेत. दुसरें असें कीं, दुव्यांचें माप मोठ्या भाषांच्या दाट रानांत जन्मलें. जेथें एका विषयावर हजारों पानें एकमेकांकडे बोट दाखवितात, तेथें साक्षींची संख्या कांहीं सांगते. मराठींत एखाद्या विषयावर जन्मभर खपून कोणी उत्तम पान लिहिलें, तरी त्याकडे बोट दाखविणारीं पानेंच विरळ. त्यास दुवा देणार कोण? साक्षीदार नाहीं म्हणून सत्य नाहीं, असा निवाडा मग नकळत होऊन बसतो.

येथें दोन पक्ष संभवतात. एक म्हणतो, हा सर्व भेद तात्पुरता आहे. यंत्रें सुधारत जातील आणि एक दिवस सगळीं एकच क्रम देऊं लागतील, कारण खरा क्रम एकच आहे. दुसरा म्हणतो, खरा क्रम असा नाहींच. ज्याची त्याची आवड, ज्याचा त्याचा धंदा, आणि सर्व क्रम सारखेच. माझ्या मतें दोघेही चुकतात. पहिल्या पक्षाचा प्रमाद असा कीं, प्रतवारीस तो वजनकांट्यासारखें समजतो. दोन कांट्यांनीं निरनिराळें वजन दाखविलें तर एक बिघडला आहे. परंतु दोन परीक्षकांनीं एका निबंधास निरनिराळे गुण दिले तर कोणी बिघडलाच आहे असें होत नाहीं. वेदना होत असलेल्या मनुष्यास जवळचा वैद्य हवा, त्याच रोगावर ग्रंथ लिहिणाऱ्यास सर्वांत जाणता वैद्य हवा. प्रश्नाचे शब्द एक, हेतु दोन, आणि हेतूवांचून 'चांगलें' ह्या शब्दास अर्थच नाहीं. पण म्हणून दुसरा पक्षही खरा ठरत नाहीं. हेतु एकदां ठरला कीं त्या हेतूपुरतें बरेंवाईट निश्चितपणें असतें. पोटशूळाच्या रोग्यास भोंदूचें पान प्रथम दाखविणारा क्रम हा मतभेद नव्हे. तो अन्याय आहे.

ह्याची साक्ष चीननें दिली. तेथील एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी दुर्धर कर्करोगानें आजारी होता. बायडूवर ठळक जागीं दिसलेल्या एका रुग्णालयाच्या उपचारावर त्यानें व त्याच्या घरच्यांनीं विश्वास ठेवला. ती जागा पैसे मोजून मिळविलेली होती. २०१६ सालीं तो वारला आणि देशभर संताप उसळला. त्यानंतर तेथील सरकारनें असा दंडक घातला कीं, जागा केवळ बोलीच्या रकमेवर ठरवूं नये, विश्वसनीयता पाहावी, आणि जाहिरातींनीं पानाचा तीस टक्क्यांहून अधिक भाग व्यापूं नये. जाहिरातींवर जगणारें शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकल्यावांचून राहणार नाहीं, असा इशारा पेज आणि ब्रिन ह्यांनीं स्वतःच १९९८ सालच्या आपल्या निबंधांत दिला होता. पुढें त्यांचेंच यंत्र जाहिरातींवर जगातील सर्वांत श्रीमंत संस्थांपैकीं एक झालें.

आमच्या भागाच्या नांवानें येथें एक विचार सुचतो. पुराणांत इंद्रपद मिळविण्याचा निकष अगदीं स्वच्छ सांगितला आहे: शंभर यज्ञ पुरे करावे. परंतु सगराचा अश्व कोणीं चोरला? दिलीपाच्या शंभराव्या यज्ञाचा अश्व कोणीं पळविला? इंद्रानेंच. निकषांत खोट नव्हती. पण निकषाचा रखवालदार स्वतःच त्या पदावर बसलेला होता. हाच आक्षेप आजच्या न्यायासनांपुढें आला. युरोपीय आयोगानें जून २०१७ मध्यें गूगलला २४२ कोटि युरोंचा दंड केला, कारण खरेदीच्या शोधांत त्यानें आपलीच तुलनासेवा वर ठेवून इतरांच्या खालीं ढकलल्या; सप्टेंबर २०२४ मध्यें युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें तो दंड कायम केला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानें फेब्रुवारी २०१८ मध्यें, विमानप्रवासाच्या शोधांत स्वतःच्या पानास ठळक जागा दिल्याचा ठपका ठेवून, बहुमतानें १३५.८६ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. गूगलनें त्याविरुद्ध अपील केलें. आणि ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकन न्यायालयानें गूगलनें शोधाच्या धंद्यांतील मक्तेदारी बेकायदा रीतीनें टिकविली असा निर्णय दिला. २०२० सालीं त्या देशांतील सुमारें नव्वद टक्के शोध त्याच्याकडेच होत असल्याचें त्या निर्णयांत नमूद आहे. निकष कोणताही असो, मोजणारा आणि मोजला जाणारा एक असूं नये, हा नियम सर्व दर्शनांस समान आहे.

मग निकष उघडे कां करीत नाहींत, असें विचारलें जाईल. त्यास यंत्रवाल्यांचें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. निकष कळला कीं लोक गुण मिळविण्याऐवजीं निकषच मिळवूं लागतात. दुव्यांस मोल आहे असें समजतांच दुव्यांचा बाजार भरला. फकिराची दुवा पैशानें विकली जाऊं लागली. २०१२ सालीं गूगलनें अशा बनावट दुव्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. यांडेक्सनें तर २०१४ सालीं मॉस्को विभागांतील कांहीं व्यापारी शोधांपुरतें दुव्यांचें वजनच काढून टाकलें, आणि पुढल्या वर्षीं तें पुन्हां धरलें. साक्षीदार विकले जातात म्हणून साक्षच घ्यावयाची नाहीं, हें चालण्यासारखें नव्हतें. आमच्या शास्त्रकारांस हा पेंच ठाऊक होता. स्वर्गाच्या हिशेबानें केलेलें पुण्य स्वर्गापर्यंतच नेतें, आणि तें सरलें कीं इंद्रलोकांतून खालीं यावें लागतें, असें ते सांगतात. पहिल्या पानासाठीं लिहिलेलें पान पहिल्या पानापर्यंत पोंचतें आणि निकष बदलला कीं कोसळतें. वाचकासाठीं लिहिलेल्या पानास निदान वाचक तरी उरतो.

तरीपण गुप्ततेस मर्यादा हवी. प्रश्नपत्रिका गुप्त ठेवणें योग्य. अभ्यासक्रम गुप्त ठेवणें हा जुलूम. कोणत्या निकषाचें नेमकें वजन किती, हें झांकून ठेवावें. पण कोणते निकष आहेत, कोणती जागा पैशानें मिळाली आहे, आणि क्रम लावणाऱ्याचा स्वतःचा माल त्यांत कोठें आहे, हें झांकण्यास कोणतेंही समर्थन पुरत नाहीं. इंद्रलोकांतील एखाद्या शिकवणीवाल्याचें वा दवाखान्याचें नांव एका रात्रींत पहिल्या पानावरून नाहींसें झालें, तर त्याची रोजी बुडते. कोणत्या कायद्यानें बुडाली हें विचारण्याचीही सोय त्यास नसावी, ही गोष्ट कोणत्याही राज्यांत आपण सहन केली नसती.

ह्याच कारणासाठीं शोधयंत्रांतील भेद मला दोष वाटत नाहीं, आधार वाटतो. दोन यंत्रांनीं दोन क्रम दिले, म्हणजे वाचकास निदान एवढें कळतें कीं कोणी तरी निवड केली आहे. एकच यंत्र उरलें, तर त्याचें मत हीच वस्तुस्थिति भासूं लागेल. आणि सध्यां ह्याहून पुढची पायरी आली आहे. २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांस पानांच्या यादीआधीं यंत्रानें रचलेलें एकच सलग उत्तर देऊं लागलें आहे. इतरांचीही गति तीच आहे. यादींत निदान दुसरा, तिसरा, सातवा दिसत असे, आणि पहिल्याविषयीं शंका घेण्यास जागा राही. एकाच उत्तरांत क्रम लावलेला असतोच. दिसत मात्र नाहीं. सभाच भरत नाहीं, तेथें अग्रपूजेस हरकत कोण घेणार?

म्हणून माझी विनंति इतकीच कीं, ज्या प्रश्नावर आपलें आरोग्य, पैसा किंवा मत अवलंबून आहे, तो एकाच यंत्रास विचारून थांबूं नये. दुसऱ्यास विचारावा, दोघांत भेद दिसला तर वैतागूं नये, तो कां पडला असावा ह्याचा क्षणभर विचार करावा, आणि सातव्या जागीं बसलेल्या पानाकडेही एकदां पाहून घ्यावें. महाविद्यालयांतील मुलांस आपण प्रमाणशास्त्र शिकवितों तें परीक्षेपुरतें. फोनवरील पहिलें पान हें कोणत्या प्रमाणानें पहिलें, हा प्रश्न त्यांस विचारण्याची संवय लागली, तर त्या शास्त्राचें सार्थक होईल. शिशुपालाचा द्वेष घेऊं नये. त्याचा प्रश्न मात्र जरूर घ्यावा.